बंद पडलेल्या जुन्या एलसीडी मॉनिटरचा सप्लाय बोर्ड कसा दुरुस्त करावा

दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात, डीटीपीच्या दुकानात २००५ ते २०१२ च्या दरम्यानचे १५, १७, १९ इंची एलसीडी मॉनिटर अजून कामावर आहेत. यातला एखादा बंद पडला की बहुतेक वेळा पॅनल चांगलं असतं, मेन बोर्डही चांगला असतो. गेलेला असतो आतला सप्लाय बोर्ड, म्हणजे घरातल्या विजेचे कमी व्होल्ट डीसी करून देणारा, आणि त्यावरही पाच-सहा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे. एका मटण थाळीच्या पैशात ते सगळे बदलून होतात. असा मॉनिटर भंगारात घालणं म्हणजे चांगली वस्तू वाया घालवणं आहे.

पण याच बोर्डवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी खेळत असतात. त्यामुळे क्रम मोडायचा नाही: आधी लक्षण, मग डोळ्यांनी पाहणी, मग प्लग काढलेल्या अवस्थेत मीटर, मग सिरीज बल्ब (मॉनिटरच्या लाईनमध्ये ओळीने जोडलेला, शॉर्ट असला तर करंट अडवणारा), आणि थेट लाईट सगळ्यात शेवटी.

लक्षणावरून अंदाज

हिवाळ्यात पहाटेच्या संकलनाला मॉनिटर उठत नाही, एलईडी नुसता मिचमिचतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चित्र येतं. हे दुखणं सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूच्या कपॅसिटरचं आहे. कपॅसिटरमधला द्रव वाळत आला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. थंडीत तो आणखी चढतो. मग स्विचिंगचा रिपल, म्हणजे सप्लाय भराभर चालू-बंद होताना व्होल्टेजमध्ये उठणारी लहर, कपॅसिटरला गिळता येत नाही, ५ व्होल्टची लाईन डळमळते आणि मेन बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. बोर्ड जरा तापला की ईएसआर उतरतो आणि गाडी सुरू होते. अशा वेळी लोक मॉनिटर बंदच करत नाहीत, रात्रंदिवस चालू ठेवतात. त्याने कपॅसिटर आणखी वाळतात आणि एकदा लाईट गेली की मॉनिटर परत उठतच नाही.

एलईडी अजिबात लागत नसेल तर फ्यूज, प्रायमरी (घरच्या लाईनची, जास्त व्होल्टची) बाजू किंवा स्टार्टअपचा छोटा कपॅसिटर. टिक-टिक आवाज येत असेल तर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि दर वेळी बसतोय: सेकंडरीला शॉर्ट आहे किंवा कंट्रोल आयसीचा (स्विचिंग चालवणाऱ्या चिपचा) कपॅसिटर वाळलाय. चित्र येऊन दोन सेकंदांत काळं होत असेल, आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसत असेल, तर सप्लाय बहुधा ठीक आहे. दोष बॅकलाईटच्या (पडद्यामागच्या उजेडाच्या) ट्यूबमध्ये किंवा तिला जास्त व्होल्ट देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये आहे. त्याबद्दल पुढे थोडक्यात.

काही मॉनिटरचा सप्लाय बाहेर, ॲडॅप्टरमध्ये असतो. त्यावर लिहिलेला व्होल्टेज आधी मोजा. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरने रिकामं असताना १२ दाखवले म्हणून तो चांगला ठरत नाही. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब लावून पुन्हा मोजा. व्होल्टेज ११ च्या खाली बसला तर ॲडॅप्टरच बदला.

सामान

मीटर, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०-४० सोल्डर, फ्लक्स, डीसोल्डर पंप आणि थोडी तांब्याची विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी जाळी). जाड तांब्याच्या पट्ट्यावरचे टाके २५ वॉटला सुटत नाहीत, त्यासाठी ६० वॉटची आयर्न असली तर सोपं पडतं. १० किलोओम ५ वॉटचा रेझिस्टर, त्याला दोन इन्शुलेटेड वायरी जोडून. ६० आणि १०० वॉटचे फिलामेंटचे बल्ब. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. ईएसआर मीटर असेल तर निम्मं काम झालं, नसला तरी अडत नाही.

कपॅसिटर घेताना फक्त मायक्रोफॅरड आणि व्होल्ट सांगून चालत नाही. १०५ डिग्री आणि लो ईएसआर असं स्पष्ट सांगा. ८५ डिग्रीचा साधा माल ऑडिओ ॲम्प्लिफायरमध्ये वर्षानुवर्षं चालेल, स्विचिंग सप्लायमध्ये काही महिन्यांतच फुगेल. रुबिकॉन, निचिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमिकॉन यांचा खरा माल मिळाला तर उत्तम. नकली मालही भरपूर फिरतो: १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा लो ईएसआर कपॅसिटर साधारण १० मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर उंचीचा असतो. त्याच आकड्यांचा कपॅसिटर निम्म्या उंचीचा आणि हाताला हलका लागत असेल तर परत करा. कोल्हापुरात सुट्या भागांच्या दुकानात हवा तो आकार नसला तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा. जागेवर आहे तो बसवून घ्या, हा सल्ला इथे ऐकू नका.

उघडणं

प्लग काढा. टेबलावर जाड सुती कापड पसरून मॉनिटर तोंड खाली करून ठेवा. स्टँडचे स्क्रू काढा. एखाद-दुसरा स्क्रू स्टँडच्या झाकणाखाली लपलेला असतो. पुढची फ्रेम क्लिपांवर अडकलेली असते. जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घालून खालच्या कडेपासून एकेक क्लिप सोडवत जा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर पॅनलची काच तडकते, आणि मग दुरुस्तीला काही उरत नाही. बटणांच्या पट्टीची वायर फ्रेमला जोडलेली असते, तिला झटका देऊ नका.

आत पत्र्याचा डबा दिसेल. पॅनलमधून येणाऱ्या गुलाबी-पांढऱ्या जाड वायरी म्हणजे बॅकलाईटच्या ट्यूबच्या. चालू असताना त्यांवर सहाशे-आठशे व्होल्ट असतात आणि सुरू होताना हजाराच्या वर जातात. कनेक्टर धरून ओढा, वायर धरून नाही. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून पॅनल उघडायच्या फंदात पडू नका. प्रत्येक कनेक्टरचा आणि बोर्डच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

मोठा कपॅसिटर आधी रिकामा करा

बोर्डवर सगळ्यात जाडजूड उभा असतो तो, बहुधा ८२ ते १५० मायक्रोफॅरड, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. घरातले २३० व्होल्ट ब्रिजमधून (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीतून) गेले की त्यावर ३२५ च्या आसपास डीसी साठतात. चालणारा सप्लाय प्लग काढल्यावर हा साठा स्वतःच वापरून संपवतो. पण फ्यूज शाबूत आणि स्विचिंग बंद अशा मेलेल्या बोर्डवर तो साठा बराच वेळ तसाच राहू शकतो. म्हणजे बंद पडलेला बोर्ड चालणाऱ्या बोर्डापेक्षा जास्त घातक.

बोर्ड कडेला धरा, खालच्या टाक्यांना बोट लावू नका. १० किलोओमच्या रेझिस्टरची दोन टोकं कपॅसिटरच्या दोन पायांना दहा सेकंद टेकवा. मग मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्क्रू ड्रायव्हरने आडवा शॉर्ट करायची पद्धत सर्रास दिसते. त्यात ठिणगी उडते, टाका वितळतो आणि डोळ्यात कण जाऊ शकतो.

डोळ्यांनी पाहा, मग सगळे कपॅसिटर बदला

सेकंडरी बाजू म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची, जिथून मेन बोर्डकडे वायरी जातात. तिथे ॲल्युमिनियमच्या हीटसिंकजवळ चार ते आठ कपॅसिटर असतात: ५ व्होल्टच्या लाईनवर १० किंवा १६ व्होल्टचे, १२ ते १५ व्होल्टच्या लाईनवर २५ व्होल्टचे, ४७० ते १००० मायक्रोफॅरड. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. डोकं जरा जरी वर आलं असेल, फुलीच्या रेघेतून तपकिरी काही झिरपलं असेल किंवा बूड रबरासकट उचललं गेलं असेल, तर तो गेला.

हे होतं त्याला दोन कारणं. एक म्हणजे जागा: तापणाऱ्या डायोडला अगदी खेटून कपॅसिटर बसवलेले असतात. १०५ डिग्रीला २००० तासांचा कपॅसिटर ६५ डिग्रीवर ठेवला तर हिशेबाने ३२,००० तास जातो, कारण दर १० डिग्री उतरल्यावर आयुष्य साधारण दुप्पट होतं. हीटसिंकला टेकला की हा सगळा फायदा गेला. दुसरं म्हणजे २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात आलेला खराब इलेक्ट्रोलाइटचा माल. त्यात आतल्या आत वायू तयार होऊन कपॅसिटर फुगत.

फुगलेला तेवढा बदलून मॉनिटर परत करू नका. शेजारचे त्याच वयाचे, त्याच उष्णतेत भाजलेले असतात, आणि डोकं सपाट असूनही कपॅसिटर वाळलेला असू शकतो. १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टच्या नव्या लो ईएसआर कपॅसिटरचा ईएसआर ओमच्या शतांशात असतो. मीटरने अर्धा ओम दाखवला तर तो बाद, मग मायक्रोफॅरड बरोबर येत असले तरी. सेकंडरीचे सगळे एकदम बदला.

नवा कपॅसिटर मायक्रोफॅरडला तेवढाच किंवा एक पायरी वरचा, व्होल्टला तेवढाच किंवा जास्त. १६ च्या जागी २५, २५ च्या जागी ३५ चालतो, फक्त जागेत मावला पाहिजे. पायांमधलं अंतर १० मिलिमीटर व्यासाला ५ मिलिमीटर, ८ ला साडेतीन. पत्र्याच्या डब्याचं झाकण डोक्याला टेकत असेल तर कपॅसिटर आडवा झोपवा, पण हीटसिंकपासून लांब.

पट्टा असलेला पाय वजा. बोर्डवर छापलेलं अर्धवर्तुळ बहुधा वजा दाखवतं, पण सगळे बनवणारे एकच पद्धत पाळत नाहीत. आधी काढलेल्या फोटोवरच भरवसा ठेवा. उलटा बसलेला कपॅसिटर काही सेकंदांत फुटतो.

२००६ नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते २१७ डिग्रीच्या वर वितळतं, आपलं ६०-४० १९० च्या आतच. त्यामुळे जुना टाका थेट ओढायला गेलात तर तापवून तापवून पॅड, म्हणजे बोर्डवरचा तांब्याचा ठिपका, उखडतो. आधी त्याच टाक्यावर थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स द्या, दोन्ही मिसळू द्या, मग एकेक पाय आलटून पालटून तापवत कपॅसिटर हलवत काढा. भोक विकने साफ करा. नवा बसवल्यावर टाका चकचकीत, पायाभोवती चढलेला दिसला पाहिजे. गोळी होऊन बसलेला टाका पुढे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जोडलेला टाका, होतो. ट्रान्सफॉर्मर आणि मेन सॉकेटच्या पायांचे टाकेही याच वेळी ताजे करून घ्या, तिथे बारीक गोल तडे हमखास असतात.

प्रायमरी बाजूला कंट्रोल आयसीच्या शेजारी एक बारका कपॅसिटर असतो, २२ ते ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. हा फुगलेला सहसा दिसत नाही, आणि घाईत नेमका हाच राहून जातो. सेकंडरी बदलूनही मॉनिटर मेलेलाच असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा दोषी हाच. मेन कपॅसिटर रिकामा आहे याची खात्री करून तोही बदला.

फ्यूज उडालेला असेल तर

काचेच्या फ्यूजमधली तार नुसती तुटली असेल तर एकदा लाटेने गेला असं म्हणता येतं. काच काळी किंवा चांदीसारखी झाली असेल तर पुढे पक्का शॉर्ट आहे. नवा फ्यूज घालून थेट चालू करायचं नाही, आणि तांब्याची तार गुंडाळायची तर मुळीच नाही. फ्यूजवर लिहिलेला अँपिअर आणि आधी टी असेल तर टी, म्हणजे सावकाश जळणारा, तसाच आणा.

शॉर्ट शोधायला मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. ब्रिजमधला प्रत्येक डायोड एका बाजूने ०.५ ते ०.६ आणि उलट्या बाजूने ओपन दाखवतो. दोन्हीकडून बीप म्हणजे ब्रिज गेला. मॉस्फेटचे (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) ड्रेन आणि सोर्स हे पाय असेच तपासा. मेन कपॅसिटरच्या दोन पायांत बीप येत असेल तर ब्रिज, मॉस्फेट आणि तो कपॅसिटर यांपैकी कोणीतरी शॉर्ट आहे. लाईनच्या तोंडाशी असलेली निळी किंवा पिवळी चपटी चकती म्हणजे व्हॅरिस्टर, बहुधा १० डी ४७१ किंवा १४ डी ४७१. वळवाच्या विजा किंवा तुटलेला न्यूट्रल यांचा पहिला मार ती खाते. न्यूट्रल तुटला की दोन फेजमधला ताण घरात येऊ शकतो, ४०० व्होल्टपर्यंत. त्याचे डीसी ५६५ होतात आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर त्यात वाफ सोडतो. फुटलेली चकती कापून टाकून मॉनिटर चालतो हे खरं, पण पुढच्या लाटेला आडवं यायला कोणी राहत नाही. तशीच नवी बसवा.

मॉस्फेट शॉर्ट निघाला तर एकट्याला बदलू नका. त्याच्या सोर्सला असलेला एक ओमच्या खालचा, एक-दोन वॉटचा सेन्स रेझिस्टर ओपन झालेला असतो, गेटचा रेझिस्टर बऱ्याचदा करपलेला असतो आणि एलडी७५७५ किंवा एसजी६८४१ सारखा कंट्रोल आयसीही गेलेला असतो. हे सगळं एकाच बैठकीत बदला. नाहीतर नवा मॉस्फेट लाईट देताच उडतो आणि दोष मालाला दिला जातो.

सेकंडरीला हीटसिंकवरचे शॉटकी डायोड तपासा. चांगला शॉटकी एका बाजूने ०.१५ ते ०.३ दाखवतो. बोर्डवर असताना शून्य आलं तर एक पाय उचलून पुन्हा मोजा, कारण शॉर्ट त्या लाईनवर पुढेही असू शकतो. मेन बोर्डचा कनेक्टर काढून मोजलं की कोणाकडे बोट दाखवायचं ते कळतं. १२-१५ व्होल्टची लाईन शॉर्ट असेल तर इन्व्हर्टरचे ट्रान्झिस्टर पाहा. काही मॉनिटरमध्ये सी५७०७ च्या जोड्या असतात आणि त्या जोडीने जातात.

लाईट देताना

सिरीज बोर्डवर ६० वॉटचा फिलामेंट बल्ब लावा आणि त्यातून मॉनिटरला लाईट द्या. बल्ब क्षणभर भगभगून मंद किंवा बंद झाला तर शॉर्ट नाही. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर ताबडतोब बंद करा, प्रायमरीत अजून शॉर्ट आहे. बॅकलाईटसकट चालवायला ६० वॉटचा बल्ब कमी पडतो, त्यासाठी १०० लावा.

आता मोजमाप. पायात कोरडी चप्पल, एक हात खिशात, शेजारी कोणीतरी. बोर्डवर पांढरी रेघ किंवा कापलेली फट प्रायमरी आणि सेकंडरी वेगळी करते. सेकंडरी मोजताना काळा प्रोब पत्र्याच्या चौकटीला, प्रायमरी मोजताना मोठ्या कपॅसिटरच्या वजा पायाला. दोन्हींची गल्लत केली तर आकडे चुकतात, आणि ऑसिलोस्कोपचं अर्थ प्रायमरीला लावलं तर धमाका होतो.

५ व्होल्टची लाईन ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि स्थिर हवी. दुसऱ्या लाईनचा आकडा बोर्डवर कनेक्टरशेजारी छापलेला असतो. आकडा वरखाली होत असेल तर कंट्रोल आयसीच्या सप्लायच्या पायावर पाहा: तिथे १० ते १६ च्या दरम्यान झोके दिसले तर आयसी जिवंत आहे, पण पुढे जाऊ शकत नाही. तिथे शून्य असेल तर स्टार्टअपचा रेझिस्टर ओपन. ५ च्या जागी ७-८ दिसले तर टीएल४३१ आणि पीसी८१७ यांची फीडबॅकची (व्होल्टेज किती आहे ते कंट्रोल आयसीला कळवणारी) जोडी बदला, आणि तोवर मेन बोर्ड लावू नका.

रिपल पाहायला स्वस्त पिवळ्या मीटरची एसी रेंज वापरू नका. त्यात डीसी अडवलेला नसतो, त्यामुळे एका बाजूने चांगल्या १२ व्होल्टवरही सव्वीस-सत्तावीस दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. त्या आकड्यावरून कित्येकांनी चांगले बोर्ड खोललेत.

सप्लायचे आकडे बरोबर आहेत आणि तरीही दोन सेकंदांत काळोख होतोय, तर इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरींचा रोध एकमेकांशी ताडून पाहा. काही शे ओमच्या पुढे असतो; सगळे सारखे हवेत, ओपन निघाला तो गेला. ट्यूबच म्हातारी झाली असेल, टोकं काळी पडली असतील, तर एलईडी पट्टीचा किट बसवता येतो, पण त्यासाठी पॅनल उघडावं लागतं. सवय नसेल तर हे काम कारागिराकडे द्या.

पुराचे आणि फाउंड्रीचे बोर्ड

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी लागलेले मॉनिटर अजून माळ्यांवर पडलेले सापडतात. त्यांना आधी लाईट देऊ नका. गाळ वाळला तरी दमट हवेत पुन्हा वीज वाहून नेतो. बोर्ड मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा, ट्रान्सफॉर्मरच्या खालचा गाळ काढा, ५०-६० डिग्रीत काही तास वाळवा. पाणी लागलेल्या बोर्डाचे सगळे कपॅसिटर, फ्यूज आणि मेन सॉकेट बदलूनच घ्या. पॅनलच्या थरांत पाणी शिरलं असेल तर मात्र कष्ट वाया जातात.

शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधून येणाऱ्या बोर्डांवर काळी भुकटी असते. त्यात लोखंड आणि ग्राफाइट असतं, दोन्ही वीजवाहक. ब्लोअरने उडवली तर ती आयसीच्या पायांत जाऊन बसते. व्हॅक्यूमने ओढा आणि मग ब्रशने अल्कोहोल मारा. मोठ्या भागांना धरून ठेवणारा पिवळा गोंद जुना होऊन तपकिरी पडला असेल तर तोही खरवडून काढा, तो पायांना गंज चढवतो आणि वीज झिरपू देतो.

सगळं जुळल्यावर मॉनिटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बोर्ड पुन्हा उघडण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासा. लाईनवरचे निळे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट दिसतात. अर्थिंग नीट असूनही झिणझिण्या येत असतील तरच बोर्डकडे वळा. मग मॉनिटर दोन तास चालवा, प्लग काढा, मोठा कपॅसिटर पुन्हा मोजून रिकामा असल्याची खात्री करा आणि नव्या कपॅसिटरांच्या डोक्यांना बोट लावून पाहा. कोमट ठीक. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्या लाईनवर अजून काहीतरी जास्त करंट ओढतंय, झाकण लावायची घाई करू नका.